आला तसा

“बाबा, वाकलंय का ते?” मुलीने दारातूनच विचारलं, आणि त्याने मान वर न करता सांगून टाकलं, “आलंय तसंच.” उत्तर आधी तोंडातून गेलं आणि बघणं मागाहून झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करणाऱ्यांतला तो नव्हे. सत्तावीस वर्षं त्याचं पोट बरोबर उलट्या क्रमावर चाललं होतं: आधी बघायचं, मग लिहायचं, आणि बोलायचं झालंच तर सगळ्यात शेवटी, तेही कोणी विचारलं तर. त्यामुळे ते दोन शब्द बोलून झाल्यावर तो तसाच बसून राहिला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर नवा कोरा मदरबोर्ड, आणि त्याच्या उजव्या हाताच्या चिमटीत प्रोसेसर, बिस्किटाएवढा धातूचा चौकोन. बोर्डाच्या मधोमध तो बसवायची चौकट होती आणि तिच्यात केसासारख्या बारीक हजारभर पिना, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. एका कोपऱ्यातल्या पाच पिना मात्र आडव्या पडल्या होत्या. मुलगी जवळ आली, वाकून बघितलं, “शी! बघा ना. परत पाठवू या मग,” म्हणाली आणि केस विंचरत आत गेली. तिच्यापुरता विषय संपला होता. आठ दिवस तिचा कॉम्प्युटर बंद होता, ती घरांचे नकाशे काढायला शिकत होती आणि तिचं सगळं काम अडून बसलं होतं, आणि “बाहेर कशाला द्यायचा, मी बसवतो की” असं तिला यानेच ऐटीत सांगितलं होतं.

त्याची नोकरी मापं तपासायच्या प्रयोगशाळेत होती. कारखान्यांतून गेज, मायक्रोमीटर, तऱ्हेतऱ्हेची मोजायची हत्यारं तिथे यायची, आणि ती खरं बोलतात की खोटं हे ठरवायचं काम त्याचं. खोली बारा महिने एकाच तापमानाला ठेवलेली, काळ्या दगडाचं गुळगुळीत टेबल, पांढरे हातमोजे. प्रत्येक हत्याराबरोबर एक फॉर्म असे आणि त्या फॉर्मवर दोन रकाने: ‘आला तसा’ आणि ‘दिला तसा’. हत्यार दारातून आलं तेव्हा किती चुकत होतं ते पहिल्यात, दुरुस्त करून परत दिलं तेव्हा किती चुकत होतं ते दुसऱ्यात. पहिला रकाना भरल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. फडकंसुद्धा फिरवायचं नाही. त्याला हे काम शिकवणारे मोठे साहेब म्हणायचे, “हात लावला की साक्ष बाटली.” लोकांना दुसऱ्या रकान्याची घाई असते, कारण हत्यार सुधारलं हे त्यांना वाचायचं असतं, पण खरी गोष्ट पहिल्यात असते, कारण हत्यार चुकत होतं तर त्याने आजवर मोजलेला सगळा माल चुकलेला असतो. मोठे साहेब निवृत्त झाले आणि हा नियम याच्या अंगात मुरला. काटा शून्यावर आल्याशिवाय हा माणूस शिंकतसुद्धा नाही, असं कारखान्यांतले लोक म्हणत आणि त्याच्या माघारी त्याला शून्यमहाराज म्हणत. त्याच्या कानावर ते आलं होतं आणि आतून त्याला बरंही वाटलं होतं. आणि अशा माणसाने घरी, स्वतःच्या टेबलावर, पहिला रकाना भरला नव्हता. भिंग सात पावलांवर कपाटात होतं. त्याने ते काढलं नव्हतं. घर म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं.

आता तो मागे जाऊन बघू लागला. खोका आला तेव्हा त्याचा एक कोपरा चेपलेला होता, हे नक्की. चेपलेला कोपरा अजून तिथेच होता, खुर्चीखाली, आणि तो बघून त्याला दर वेळी धीर येत होता. चिकटपट्टी त्याने स्वयंपाकघरातल्या सुरीने कापली. आत बोर्ड चंदेरी पिशवीत होता. पिनांच्या चौकटीवर काळं प्लास्टिकचं झाकण होतं, ते त्याने अंगठ्याने उचललं आणि खाली बघितलं. बघितलं तर नक्कीच होतं. पिनांचं शेत सगळं चमकलं, एवढं त्याला आठवत होतं. पण त्या कोपऱ्यात काय होतं ते आठवत नव्हतं, आणि जितकं आठवायला जावं तितक्या त्या पाच पिना कधी उभ्या दिसत, कधी आडव्या. मग त्याने प्रोसेसर कडांनी धरून उचलला, चौकटीवर नेला, आणि नेमकी त्याच वेळी आतून मुलीची हाक आली, “झालं का हो बाबा?” तो म्हणाला, “होतंय.” त्या ‘होतंय’मध्ये काहीतरी झालं होतं. भात खाताना दाताखाली खडा यावा तसं चिमटीला काहीतरी कचकन लागलं होतं. की लागलं नव्हतं, आणि आडव्या पिना दिसल्यावर चिमटीने ते मागाहून रचलं होतं? आपल्याच बोटांची साक्ष काढायची तर ती बाटलेली. त्याने प्रोसेसर हळूच वर्तमानपत्रावर ठेवला. ठेवताना कागद थोडा वाजला. कागद वाजायचं काही कारण नव्हतं.

संध्याकाळी मुलीने लॅपटॉप मागून आणला आणि त्याला शेजारी बसवून परतीचा अर्ज भरला. कारण निवडा, असं तिथे लिहिलं होतं आणि खाली चार कारणं होती: वस्तू आवडली नाही, चुकीची वस्तू आली, वस्तू आली तेव्हाच खराब होती, आता गरज नाही. पाचवं कारण नव्हतं. माहीत नाही, असं कारण असायला हरकत नव्हती असं त्याला वाटलं. जगात जेवढ्या वस्तू परत जातात त्यांतल्या निम्म्या तरी त्या कारणाने जात असतील. मुलीने तिसऱ्या कारणावर खूण केली, चेपलेल्या कोपऱ्याचा फोटो लावला, पिनांचा लावला. “अजून काही लिहायचंय का, विचारतायत.” “काय लिहिणार?” “मी लिहू, की उघडल्यावर लगेच दिसलं?” तो म्हणाला, “लिही.” त्याची बायको सोफ्यावर पाय घेऊन मटार सोलत होती. ती म्हणाली, “अगं, घेतील ते. हे कधी खोटं बोलतायत थोडेच!” अर्ज मंजूर झाल्याचा निरोप दोन मिनिटांत आला. दोन मिनिटांत तर पाचही पिना नीट बघून होत नाहीत. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्याऐवजी आपल्याला कोणी विचारलंच नाही याचं वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी वस्तू न्यायला माणूस आला. डोक्यावर हेल्मेट तसंच, पाठीवर माणसाच्या दुप्पट पिशवी. त्याने खोका हलवून बघितला, आत काहीतरी आहे एवढी खात्री केली आणि फोन पुढे धरला. “बोटाने सही करा काका. काहीही करा, चालतं.” याने तर्जनीने सही केली. गेली सत्तावीस वर्षं प्रमाणपत्रांवर तो जी सही करत आला होता तिच्यात शेवटी एक लांब सरळ रेघ होती. काचेवर ती रेघ चढत-उतरत गेली, मुंग्यांच्या रांगेसारखी. तो बघत राहिला. “सगळ्यांची अशीच येते काका,” माणूस म्हणाला, “परवा एका डॉक्टरची तर वाचताच येईना.” त्याला त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली की त्याने त्याला पाणी विचारलं. माणसाला अजून बावीस घरं करायची होती. लिफ्टचं दार बंद होताना खोक्याचा चेपलेला कोपरा तेवढा दिसला, आणि मग पुरावा खाली गेला.

आपल्या वडिलांची आठवण आपण काढत नाही आहोत, हे त्याला त्या रात्री जेवताना कळलं. काढत नाही म्हणजे चारही बाजूंनी तिच्याभोवती फिरतो आहोत. वडिलांचं सलून होतं, दोन खुर्च्यांचं. दाढी करताना त्यांचा हात कसा फिरायचा ते बघायला बाकावर बसलेले लोक वर्तमानपत्र खाली ठेवत. दाढी करून घेताना माणूस झोपी जावा असा हात. मग एके वर्षी समोरच्या शाळेतले मास्तर खुर्चीत बसता बसता म्हणाले, “आज नुसते केसच करा, दाढी घरी उरकली.” पुढच्या वेळी पोस्टातले म्हणाले, नुसते केस. मग सगळेच म्हणू लागले. कोणी कारण सांगितलं नाही, कोणी दुसरं सलून धरलं नाही, सगळे येत राहिले, हसत राहिले, पैसेही वर चार देत राहिले. फक्त गळा कोणी पुढे करेना. वडील म्हणाले, वस्तऱ्याची मूठ ढिली आहे. नवा आणला. त्याचीही मूठ ढिली निघाली. आई पोळ्या लाटताना भिंतीला ऐकवायची, “नाचता येईना अंगण वाकडं,” आणि वडील ऐकू आलं नाही असं दाखवायचे. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, कॉलेजात जात होता, आणि वस्तरा परत करायला त्याला पाठवत. हत्यारांच्या दुकानाचा मालक वस्तरा उघडायचा, मिटायचा, मूठ कानाजवळ नेऊन हलवायचा. मूठ पक्की असायची. ते दोघांनाही दिसायचं. मग मालक याच्याकडे न बघता म्हणायचा, “ढिली आहे म्हणतात ना? ठेवा. दुसरा घेऊन जा.” असं दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला मालकाने जो दुसरा दिला तो नव्या कागदात गुंडाळलेला होता, तेल लावलेला होता, आणि त्याच्या पात्याच्या मुळाशी एक तिरपा चरा होता. तो चरा त्याच्या ओळखीचा होता. पहिला परत केलेला वस्तरा तोच. वडिलांनी तो हातात घेतला, हवेत दोनदा फिरवला आणि म्हणाले, “हां. याला म्हणतात हत्यार.” त्याने तो नवा कागद घडी करून ठेवला. आठवडाभर वडील आनंदात होते. आठव्या दिवशी त्यांनी स्वतःचीच दाढी करायला घेतली आणि हनुवटीपासून कानापर्यंत कापून घेतलं. रक्त फार नव्हतं. त्यानंतर त्यांनी दुसरी खुर्ची विकली आणि वस्तऱ्याबद्दल घरात कोणी बोललं नाही. त्याने त्या चऱ्याची गोष्ट त्यांना पुढेही सांगितली नाही. दुकानदाराने दया केली आणि मुलाने ती पोचवली. पुढे आयुष्यभर त्याने जी नोकरी केली तिच्यात दयेला रकाना नव्हता, आणि ते त्याला आवडत आलं होतं.

प्रयोगशाळेत त्याच्या हाताखाली एक बाई होती. दोन वर्षांपूर्वी लागली तेव्हा तिला सगळे नवी म्हणत, आणि अजूनही नवीच म्हणत. हुशार होती, कमी बोलायची. पोलादाचे चकचकीत ठोकळे असतात, एकमेकांवर सरकवले की हवासुद्धा न राहता चिकटून बसतात आणि हवं ते माप तयार होतं. ते जोडणं हे तिथलं सगळ्यात नाजूक काम, आणि त्यात याचा हातखंडा. तो आठवू लागला की हे काम आपण शेवटचं कधी केलं. या महिन्यात नाही. मागच्याही नाही. “सर, हे मी करते, तुम्ही प्रमाणपत्रं बघा,” असं ती एकदा म्हणाली होती, मग दुसऱ्यांदा, आणि मग म्हणायचीही गरज राहिली नव्हती. ठोकळ्यांची पेटी तिच्याच टेबलावर असे. त्याला तो मान वाटला होता. वय झालं की कनिष्ठांनी करावं आणि ज्येष्ठांनी सही करावी, जगाची रीतच आहे. आता त्याला मास्तरांचा आवाज आठवला: आज नुसते केसच. आणि त्या पाठोपाठ, उगाचच, चहा आठवला. बायको हल्ली त्याला कप भरून चहा देत नव्हती. पाऊण कप देई, आणि मागितला की पुन्हा पाऊण. त्याने विचारलंही होतं, तेव्हा ती म्हणाली होती, “गरम गरम राहतो ना तेवढाच.” तो तिच्या काटकसरीला हसला होता.

बदली बोर्ड आठवडा संपायच्या आत आला. या खोक्याचे आठही कोपरे ताठ होते. मुलगी म्हणाली, “आज बसवायचा?” तो म्हणाला, “रविवारी. उजेडात.” रविवारी त्याचं डोकं दुखलं. सोमवारी ती म्हणाली, “कॉलेजातला एक जण बसवून देईन म्हणतोय, बोलवू का?” आणि तो इतक्या जोरात “काही गरज नाही” म्हणाला की स्वयंपाकघरातलं भांडं घासणं थांबलं. मुलीने खांदे उडवले. ती तिचे नकाशे हाताने, कागदावर काढत बसली होती, पट्टी धरून, आणि तिच्या रेघा चांगल्या सरळ येत होत्या. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तो प्रयोगशाळेच्या जिन्यात गेला आणि त्याने बोर्ड पाठवणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. बरीच गाणी ऐकवून झाल्यावर एक मुलगी आली. आवाज हसरा होता, पगारी.

“मी एक वस्तू परत केली होती.”

“हो सर, दिसतंय. तुम्हाला बदली वस्तू मिळालीये ना सर?”

“मिळाली. मला विचारायचं होतं, ती पहिली तुम्ही तपासली का?”

“म्हणजे सर?”

“उघडून. पिना कशाने वाकल्या, वाटेत की नंतर. खरवडल्याची खूण असेल तर ती वरून बसवताना झालेली असते. भिंगाखाली लगेच कळतं. कोणीतरी बघितलं असेल ना?”

पलीकडे कीबोर्ड वाजला. “सर, तुमचा परतीचा अर्ज मंजूर झालाय. काही काळजी करू नका.”

“काळजी नाही. अहवाल हवाय.”

“सर, परत आलेला माल एवढा उघडून कोणी बघत नाही. आमचा ग्राहकावर विश्वास आहे.”

“विश्वास कशाला ठेवता?” तो म्हणाला. जिन्यात त्याचा आवाज घुमला. “समजा मीच वाकवल्या असतील तर?”

“तरी चालतं सर,” ती मुलगी समजुतीने म्हणाली, आणि मग लिहून दिलेलं वाचल्यासारखं, “आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?” तो म्हणाला, “तपासून सांगतो,” आणि फोन ठेवला. ठेवल्यावर त्याला हसू आलं, आणि हसता हसता तो जिन्याच्या पायरीवर बसला. त्याला भीती वाटत होती. ही साधी गोष्ट दहा दिवसांत पहिल्यांदाच त्याने स्वतःशी कबूल केली. ठेवा, दुसरा घेऊन जा. जगभर हत्यारांची दुकानं पसरली होती आणि कुठल्याच मालकाला त्याच्याकडे बघायचं नव्हतं. तो बोर्ड आता कुठल्यातरी गोदामात, दुसऱ्या परत आलेल्या मालाखाली पडला असेल, आणि तो आला तसा वाकलेला होता की नव्हता हे आता कोणालाही, कधीही कळणार नव्हतं. पण हात अजून इथे होता. तो कुठल्या गोदामात गेला नव्हता.

प्रयोगशाळा रिकामी होती, सगळे जेवायला गेलेले. त्याने हातमोजे घातले नाहीत. काळ्या दगडाच्या टेबलावर स्टँड ठेवला, त्याला डायल गेज लावला. मनगटावरच्या घड्याळाएवढी तबकडी, शंभर घरं, एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. खालच्या टोकाला जे टेकेल ते जेवढं हलेल तेवढा काटा हलतो आणि त्याला कोणाचीही भीडमुर्वत नसते. आधी त्याने डावा हात घेतला. कोपर टेबलावर, तर्जनी हवेत, नखावर गेजचं टोक. काटा चार-पाच घरांत थरथरत राहिला, जिवंत माणसाचा थरथरतो तेवढाच. मग त्याने डावा काढून उजवा ठेवला. नव्या मुलांना शिकवायचा तसा श्वास धरला. काटा उजवीकडे गेला, डावीकडे आला, पुन्हा उजवीकडे गेला, एका संथ लयीत, चाळीस घरं जात आणि चाळीस घरं येत. श्वास संपला तरी लय तीच. त्याने बोट घट्ट ताणलं तेव्हा ती वाढली. गेजमध्ये दोष नव्हता. गेज त्यानेच मागच्या आठवड्यात तपासला होता.

दार वाजलं. नवी आत आली होती, हातात तिचा डबा, अजून न उघडलेला. तिने टेबलाकडे बघितलं, काट्याकडे बघितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्याच्या मनात आलं, आणि हात मागे घ्यायला तेवढा वेळ होता. त्याने घेतला नाही. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं, हे त्याला दिसलं. तिने डबा ठेवला.

“सर, फॉर्म आणू?”

“आण,” तो म्हणाला.

ती समोर बसली आणि पेनाचं टोपण काढलं. “उपकरणाचं नाव?”

“उजवा हात.”

तिने लिहिलं. तिचं अक्षर बारीक आणि उभं होतं. “पाठवणारा?”

“मीच.”

“वाचन कुठल्या रकान्यात घ्यायचं?”

“आला तसा.”

“आणि दुसरा?”

“तो असू दे रिकामा. बाहेरच्या कोणाला तरी दाखवावं लागेल. आपल्याकडे याची दुरुस्ती होत नाही.”

फॉर्मच्या तळाशी एक ओळ असते, वस्तू कोणाकडे परत द्यायची. ती सहसा आधीच छापलेली येते, कारखान्याचा पत्ता. ही कोरी होती. नवी थांबली, आणि तिने पहिल्यांदाच वर बघितलं. “परत कोणाकडे, सर?”

“माझ्या मुलीकडे,” तो म्हणाला. “हा कागद मी स्वतः तिच्या हातात देणार आहे. तिला मी काहीतरी न बघताच सांगितलं होतं.” मग म्हणाला, “घरी एक खोका आलाय. तो ती उघडेल.”

नवीने मान हलवली आणि तबकडीवर झुकली. “चाळीस,” ती म्हणाली आणि लिहिलं. नियम तीन वाचनांचा होता. त्याने हात उचलला, पुन्हा टेकवला. “एकेचाळीस,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा बिघडला. त्याने हात उचलला आणि पुन्हा टेकवला, आणि तिसरं वाचन त्यानेच मोठ्याने सांगितलं.